घर पडलं आपलं, किंमत ठरवणार कोण?



कापसाचा एक क्विंटल पिकवायला काय खर्च येतो, हे आपल्याला एके काळी सांगता येत नव्हतं. बियाणं, खत, फवारणी एवढंच आपण मोजत होतो. घरच्या बाईने दिवसभर वेचणी केली तिची मजुरी शून्य, रात्री जागलीला गेलेल्या पोराची मजुरी शून्य, बैलाचा चारा घरचा म्हणून तोही शून्य. शून्यांची बेरीज करून आपण बाजारात जात होतो आणि व्यापारी देईल तो भाव डोळे मिटून घेत होतो. मग आपण हिशेब शिकलो. खर्च काढणं हेच लढाईचं पहिलं हत्यार आहे, हे कळलं.

आता आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. तुम्ही ज्या घरात झोपता ते घर आज रात्री पडलं, तर उद्या परत उभं करायला किती रुपये लागतील? बैठकीत हा प्रश्न टाकून पाहा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. कुणी म्हणेल दोन लाख, कुणी म्हणेल दहा. कुणी म्हणेल, ‘घर बापजाद्यांचं, त्याची काय किंमत सांगायची?’ क्विंटलाचा हिशेब शिकलेले आपण घराच्या बाबतीत अजून शून्यांचीच बेरीज करतो. आणि जिथे आपण आकडा सांगत नाही, तिथे दुसरा कुणीतरी सांगतो.

हे आम्हाला नीट कळलं ते महाड-पोलादपूरच्या बाजूला. तुम्ही म्हणाल, आपण कोरडवाहू माणसं, मृगात ढगाकडे डोळे लावून बसणारी. सावित्री नदीच्या पुराशी आपला काय संबंध? थोडं थांबा, संबंध आहे.

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातले सह्याद्रीला टेकलेले तालुके. वर महाबळेश्वर, खाली सावित्री. २२ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या एका दिवस-रात्रीत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे कित्येक गावांत सबंध वर्षात जेवढा पडतो, जवळपास तेवढा. ते पाणी सावित्रीतून महाडात उतरलं. खालचे मजले बुडाले, दुकानं बुडाली, पाणी ओसरल्यावर घराघरात चिखलाचे थर राहिले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावाच्या कोंढाळकरवाडीवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरडी आल्या, तिथेही माणसं गेली. हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. जुलै २००५ मध्ये याच महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या चार गावांवर डोंगर कोसळला होता आणि दीडशेहून अधिक माणसं मेली होती.

गेलेली माणसं कोणताच हिशेब परत आणत नाही. पण मागे राहिलेल्यांना छप्पर लागतं, आणि छपराचा हिशेब करावाच लागतो. तो कोणी केला आणि कसा केला, ते बघा.

सरकारी निकषानुसार त्या वेळी पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात ९५ हजार १०० रुपये मिळत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने उदार होऊन हा आकडा दीड लाख केला. अर्ध पडलं तर ५० हजार, पाव पडलं तर २५ हजार, १५ टक्के पडलं तर १५ हजार. झोपडी गेली तर १५ हजार. घरात पाणी शिरलं तर कपडे-भांड्यांसाठी १० हजार. पुढे केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी निकष बदलले. पूर्ण पडलेल्या घराला सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, आणि पक्क्या घराची थोडी पडझड झाली तर साडेसहा हजार.

आता आम्हाला एवढंच सांगा, यातला कोणता आकडा कुणाच्या घराकडे बघून काढला? वीस खणांचं घर असो की दोन खोल्यांचं, चिऱ्याचं असो की विटांचं, रस्त्याकडेला असो की डोंगरावरच्या वाडीत असो, आकडा एकच. हेच सरकार गावात शाळेची एक खोली बांधतं तेव्हा मात्र बांधकाम खात्याची दरसूची उघडते. पाया किती घनमीटर, सळई किती किलो, वाळू कुठून आणायची, वाहतुकीचं अंतर किती, सगळं दशांशापर्यंत मोजलं जातं, कारण तिथे ठेकेदाराला बिल द्यायचं असतं. शेतकऱ्याचं घर पडलं की दरसूची कपाटात जाते आणि ठोक आकडा बाहेर येतो. ठेकेदाराला दर आणि शेतकऱ्याला दया, हा कुठला न्याय?

हा अन्याय फक्त कोकणाच्या नशिबी आहे असं समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारीचा भूकंप झाला तो ज्वारीच्या मुलखात, आपल्याच लोकांवर. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. मग ५२ गावं नव्याने वसवली. घरं दिली, पण कशी? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याच्या वर ७५०. पडलेलं घर केवढं होतं, त्यात माणसं किती होती, हे बाजूला राहिलं आणि सातबाऱ्यावरून घराचं माप निघालं. आपण आपला आकडा लिहून ठेवला नव्हता, म्हणून सरकारने हाताशी जो कागद होता त्यावरून आपलं घर मोजलं.

आणि सप्टेंबर २०२५ तर कालचीच गोष्ट. मराठवाड्यात सीना, मांजरा, गोदावरीच्या काठी पाणी घरात शिरलं. कोरडवाहू म्हणवणाऱ्या गावांतली घरं पाण्यात बसली. आता सांगा, महाडचा आणि आपला संबंध आहे की नाही?

महाडच्या बाजूच्या एका वाडीत आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलत बसलो होतो. भात, नाचणी, थोडी वरी, आणि मुंबईला नोकरी करणारा मुलगा. आम्ही विचारलं, ‘बाबा, घराची किंमत काय?’ ते म्हणाले, ‘किंमत कसली? दगड डोंगरातला, लाकूड परड्यातलं, मजुरी भावकीची. कौलं तेवढी विकत आणली.’ म्हणजे कौलं वजा जाता घर फुकट! आम्हाला आपल्याच कापसाची आठवण झाली. मग त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही एक-एक वस्तू आजच्या भावाने लिहायला घेतली. परड्यातलं झाड आज तोडायला परवानगी लागते, म्हणजे लाकूड विकत किंवा लोखंडी पाइप. भावकी मुंबईला, म्हणजे मजुरी रोख. ट्रक खालच्या रस्त्यावर थांबतो, तिथून सिमेंटचं पोतं डोक्यावरून वर, म्हणजे चढणीची मजुरी वेगळी. बेरीज व्हायला लागली तसे बाबा गप्प झाले. शेवटी म्हणाले, ‘मी तर लखपती निघालो.’ आम्ही म्हटलं, ‘नाही बाबा, घर पडलं तर तेवढ्याचे कर्जदार निघाल.’

हा हिशेब प्रत्येक घरात व्हायला हवा, आणि आताच व्हायला हवा. कारण सरकारी मदत आपल्या हातात नाही. पण दुसरा एक कागद आहे ज्यावर आकडा आपण टाकू शकतो. तो म्हणजे घराचा विमा.

विमा म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडणार, आणि त्या पडायलाच हव्यात. पीक विम्याने आपल्याला जे दाखवलं ते आपण विसरलेलो नाही. शेत माझं आणि सरासरी महसूल मंडळाची. माझं पीक गेलं तरी मंडळाचं उत्पन्न बरं निघालं की मला शून्य. एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपात गेला. पण घराच्या विम्याची रचना वेगळी आहे, ती समजून घेऊन मगच शिव्या द्या. इथे मंडळाची सरासरी नाही. ज्याचं घर त्याचं नुकसान, त्याच घराची पाहणी. म्हणून इथे आपला आकडा कामाला येतो.

विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी विकायला भाग पाडलं आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, जमीन खचणं, दरड कोसळणं हे सगळं तिच्यात आहे. महाडला पूर आला त्याच्या जेमतेम चार महिने आधी ही पॉलिसी बाजारात आली होती. गावोगाव जाऊन ती कुणी सांगितली? ट्रॅक्टरचं कर्ज घ्या म्हणून दारात येणारे घराच्या विम्यासाठी का आले नाहीत? हप्ता लहान, दलाली लहान, म्हणून हा माल खेड्यात कुणी आणतच नाही.

या पॉलिसीत घराची विमा रक्कम कशी काढतात ते नीट लक्षात घ्या. घराचं चटई क्षेत्र गुणिले त्या भागात आज बांधकामाला येणारा दर. जागेची किंमत यात धरत नाहीत, कारण जागा जळत नाही. बाजारात घर विकलं तर काय मिळेल, हेही धरायचं नाही. खेड्यातलं घर विकत घेतो कोण? आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराची जी किंमत लिहिली आहे ती तर मुळीच धरायची नाही. ती घरपट्टीसाठी काढलेली असते, तिच्यातून घराच्या वयाप्रमाणे घसारा वजा झालेला असतो. घर साठ वर्षांचं म्हणून गवंडी साठ वर्षांपूर्वीची मजुरी घेत नाही.

आता या हिशेबातली खोच बघा. समजुतीसाठी एक घर धरू, आकडे आमचे, तुम्ही आपल्या गावचे घाला. घर बाहेरून २० फूट बाय २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फूट. परत बांधायचं तर:

पाया आणि जोतं – १,२०,०००
भिंती – २,६०,०००
छप्पर – १,६०,०००
दारं-खिडक्या – ७०,०००
फरशी आणि गिलावा – ९०,०००
लाइट, पाणी, संडास – ६०,०००
माल घरापर्यंत चढवणं – ४०,०००
एकूण – ८,००,०००

यात घरच्या माणसांची मजुरी बाहेरच्या बिगाऱ्याच्या दराने धरली आहे. ती सोडलीत तर पुन्हा जुनीच शून्यांची बेरीज. ५०० फुटांना ८ लाख म्हणजे फुटाला १,६०० रुपये.

पण चटई क्षेत्र म्हणजे बाहेरच्या भिंती सोडून आतली जागा. आपल्या जुन्या घरांच्या भिंती दोन फुटांच्या. चारही बाजूंनी दोन फूट वजा केले की आत राहतात १६ बाय २१, म्हणजे ३३६ फूट. कुणी बाबू १,६०० चा दर ३३६ ला लावेल आणि तुमच्या घराची किंमत ५ लाख ३७ हजार ६०० लिहील. २ लाख ६२ हजार भिंतींनीच गिळले! जिच्यात सगळ्यात जास्त दगड आणि घाम गेला, ती भिंतच हिशेबातून गायब. म्हणून उलट करा. आधी एकूण खर्च काढा, मग त्याला आतल्या जागेने भागा. ८ लाख भागिले ३३६, म्हणजे फुटाला सुमारे २,३८०. हा तुमच्या घराचा खरा दर. फॉर्मवर चौरस मीटर मागितले तर १०.७६ ने गुणा. ओसरीचंही तसंच. व्हरांडा त्या व्याख्येत पाव हिश्शानेच मोजला जातो. आपली अर्धी जिंदगी ओसरीवर जाते आणि कागदावर ती चार आणे! तेव्हा ओसरीचा खर्चही एकूण बेरजेत आला आहे ना, हे बघून घ्या. आवार भिंत, डोंगराकडची संरक्षक भिंत, पाण्याची टाकी यांचा खर्च वेगळा लिहा.

या पॉलिसीत चार गोष्टी आपल्या सोयीच्या आहेत. पहिली, जुन्या आग विम्यात ८ लाखांचं घर ४ लाखांना उतरवलं असेल आणि नुकसान २ लाखांचं झालं, तर ‘तुम्ही अर्धाच विमा काढला’ म्हणून हातात १ लाख पडायचा. ही कातर या पॉलिसीत काढून टाकली आहे; माहिती खरी दिली असेल तर पूर्ण २ लाख मिळतात. पण सबंध घर गेलं तर ४ च लाख, हे विसरू नका. दुसरी, विमा रक्कम वर्षाला १० टक्क्यांच्या हिशेबाने आपोआप वाढते, त्याला जादा हप्ता नाही. तिसरी, घरासोबत घरसामानही धरलं जातं. घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, यादी न देता. चौथी, घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या काळाचं भाडं. तळीयेची कुटुंबं म्हाडाच्या घरांची वाट बघत दोन वर्षं उलटली तरी कंटेनरच्या पत्र्यात राहत होती. भाड्याची रक्कम हातात असती तर निदान पत्र्यात उकडून निघायचं की नाही, हे त्यांना स्वतः ठरवता आलं असतं.

आणि आता जिथे पॉलिसी आपल्याला ओळखत नाही ते. मलबा उचलायला दाव्याच्या फक्त २ टक्क्यांपर्यंत पैसे. ८ लाखांवर १६ हजार. ज्याच्या घरात डोंगर आला त्याने १६ हजारांत काय काय उपसायचं? बांबू, गवत, लाकडी फळ्या, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर असेल तर घर ‘कच्चं’ ठरतं, म्हणजे ज्याचं घर आधी पडणार तोच विम्याच्या दारात अडखळणार. घरात रचलेला कापूस आणि ज्वारीची पोती घरसामानात येतात असं धरून चालू नका. कापूस भाव येईपर्यंत आपण झोपायच्या खोलीत भरून ठेवतो, आणि एका ठिणगीत घर आणि वर्षाची कमाई एकदम जाते. तेव्हा कंपनीला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. घर आजोबांच्या नावावर आणि राहणारे चार भाऊ असतील, तर दावा कुणाच्या नावाने जाणार हे आज मिटवा, पडल्यावर नाही. नोंद करताच आहात तर घरधनिणीचं नावही लावून घ्या.

आणि सरकारचा शहाणपणा बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी माफ झाला. घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के तसाच. सिमेंटवरचा २८ चा १८ झाला, त्याचाही मोठा गाजावाजा. म्हणजे विमा काढताना कर, पडलेलं घर बांधताना सिमेंटवर कर, सळईवर कर, आणि वर एक लाख वीस हजारांच्या मदतीचा फोटो! मदत म्हणून जे देता, त्यातलं किती आमच्याच सिमेंट-सळईतून परत घेता, तेही एकदा मोजा.

कुणी म्हणेल, विमा काढा म्हणणं म्हणजे सरकारला मोकळं सोडणं. आम्ही ते मानत नाही. तळीयेत नुसतं घर गेलं नाही, घराखालची जमीन गेली. जमीन कोणतीही पॉलिसी देत नाही. धोक्याच्या डोंगराखालून वस्ती हलवणं, नवी जागा देणं, तिथे रस्ता-पाणी नेणं हे सरकारचंच काम आहे आणि ते मागतच राहायचं. पण जागा सरकारकडून मागताना घराचा आकडाही त्याच्याच तोंडून ऐकायचा, ही लाचारी कशाला?

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव ठेवतो आहोत:

१. प्रत्येक गावात गवंडी, सुतार आणि दोन जाणत्या बायका बसवून आपल्या गावचा बांधकामाचा दर काढावा, तो ग्रामसभेत मांडून दर वर्षी मृगाआधी नवा करावा.

२. घर पडल्यावरची सरकारी मदत ठोक रकमेने न देता बांधकाम खात्याच्या दरसूचीने, वाहतुकीच्या अंतरासह, पडलेल्या क्षेत्रफळावर द्यावी. शाळेच्या खोलीला जो दर, तोच शेतकऱ्याच्या घराला.

३. घराच्या विम्यावरचा जीएसटी रद्द करावा, आणि मलब्याची २ टक्क्यांची मर्यादा दरड व पुराच्या तालुक्यांत वाढवावी.

४. कुडाच्या आणि गवती छपराच्या घरांसाठी वेगळी पॉलिसी आणावी, तिचा हप्ता सरकारने भरावा.

ठराव मुंबईला जातील, त्यांचं व्हायचं ते होईल. तुमच्या हातातलं काम आजच करा. एक कोरा कागद घ्या. घराची लांबी-रुंदी बाहेरून आणि आतून, भिंतीची जाडी, छप्पर कशाचं, ओसरी केवढी, हे लिहा. वर दिलेल्या सात ओळींसमोर आपल्या गावचे आकडे टाका, घरच्यांची मजुरी धरून. चारही बाजूंनी फोटो काढा. कागदाची एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावच्या पाव्हण्याकडे, कारण घर जातं तेव्हा घरातला कागदही जातो. मग दोन-तीन कंपन्यांकडून त्या रकमेचा हप्ता लेखी मागवा आणि घरच्यांना विचारून ठरवा.

पुढच्या बैठकीला येताना तो कागद बरोबर आणा. सगळ्यांचे दर आम्ही एका तक्त्यात मांडू आणि तो तक्ता घेऊनच जिल्हाधिकाऱ्यांसमोर जाऊ.